पताका आणि प्रकरी : ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील परग्रहवासी पात्रांचे स्थान

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचा विचार संस्कृत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत करणे काहींना विसंगत वाटेल. तथापि पात्रांची प्रधान आणि गौण अशी विभागणी कोणत्या तत्त्वावर करावयाची, या प्रश्नाचा जितका काटेकोर विचार दशरूपककार धनंजयाने केला आहे, तितका आजच्या मालिकांविषयी लिहिणारे क्वचितच करतात. अमुक पात्र पडद्यावर किती वेळ दिसले याची मोजदाद करून ते उपेक्षित होते की नव्हते हे ठरविण्याची रीत रूढ झाली आहे. ही रीत अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे एका प्रसिद्ध मालिकेच्या आधारे पाहावयाचे आहे.

या मालिकेशी लेखकाचा परिचय वलवण येथे झाला. १९८० नंतरच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ रविवारी सकाळी दूरदर्शनवरून दाखविली जात असे. मावळातल्या पावसात छपरावरचा एरियल वाऱ्याने फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. तरीही शेजारपाजारची मंडळी जमत. इंग्रजी संवाद निम्म्याहून अधिक जणांस कळत नसत. कदाचित त्यामुळेच नजर बोलणाऱ्यांवरून ढळून मागे उभ्या असलेल्यांवर जाई. एकदा निळ्या कातडीचा, पांढऱ्या केसांचा, डोक्यावर दोन शृंगिका असलेला एक पुरुष दिसला. ‘हा मागचा कोण?’ असे आमच्या आजीने विचारले. उत्तर कोणासच देता आले नाही. पुढे ही मालिका अभ्यासाच्या दृष्टीने पुन्हा पाहिली, तेव्हा ध्यानात आले की ते उत्तर मालिकेपाशीही पुष्कळ वर्षे नव्हते.

तो पुरुष अँडोरियन जातीचा. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत ७९ भागांत प्रक्षेपित झाली. तिच्यातील विश्वसंघ मानव, व्हल्कन, अँडोरियन आणि टेलराइट या चार जातींनी स्थापन केला, असे या मालिकांच्या परंपरेत पुढे निश्चित झाले. म्हणजे अँडोरियन हे कोणी आगंतुक नव्हेत, घरचे यजमान होत. असे असता मूळ मालिकेच्या नित्य पात्रांत व्हल्कन एकच, आणि तोही अर्धा. अँडोरियन वा टेलराइट एकही नाही. पुढच्या मालिकांतही अनेक वर्षे अँडोरियन जवळजवळ अदृश्यच राहिले.

अँडोरियन आणि टेलराइट प्रथम अवतरले ते ‘जर्नी टू बेबेल’ या भागात. डी. सी. फोंटाना यांनी लिहिलेला हा भाग नोव्हेंबर १९६७ मध्ये दाखविला गेला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कॉरिडान नावाच्या ग्रहास संघात घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्यासाठी निरनिराळ्या ग्रहांचे राजदूत ‘एंटरप्राइझ’ या यानातून परिषदेस निघाले आहेत. कॉरिडानच्या खनिजांवर टेलराइटांचा डोळा आहे. व्हल्कन राजदूत सारेक हा स्पॉकचा पिता. पितापुत्रांत अठरा वर्षे अबोला आहे. नाट्यबीज दुहेरी आहे : एक राजकीय, एक कौटुंबिक. परंतु टेलराइट राजदूताचा मध्येच खून होतो आणि त्याच्याबरोबर टेलराइटांचा पक्षही संपतो. अँडोरियनांपैकी ज्या एकाच्या हातून काही कृती घडते, तो अखेरीस अँडोरियन नसल्याचेच उघड होते. तो वेषांतर केलेला हेर असून त्याची शृंगिकाही खोटी, आतून संदेशयंत्र असलेली निघते. ज्या भागात या जातीने प्रथम रंगभूमीवर पाऊल टाकले, त्याच भागात तिचा कर्ता पुरुष तोतया ठरावा, हा योगायोग बोलका आहे. कॉरिडानचा प्रश्न उरतो नाममात्र. प्रेक्षकाच्या मनात राहतो तो पिता, पुत्र आणि मानवी माता यांचा संसार. भाग उत्तम आहे, यात शंका नाही. पण त्याची उत्तमता कोणाच्या जिवावर उभी आहे, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

येथे दशरूपकाकडे वळणे उपयोगी होईल. धनंजयाने कथावस्तूचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे दोन भाग पाडले आहेत. आधिकारिक वस्तू मुख्य फलाच्या स्वाम्याची. प्रासंगिक वस्तू तिला साहाय्य करणारी. प्रासंगिकाचे पुन्हा दोन प्रकार : दूरवर चालणारी ती पताका, अल्प अवकाशात संपणारी ती प्रकरी. पण भेद केवळ लांबीचा नाही. सुग्रीवाची कथा पताका आहे, कारण रामकार्य करीत असता सुग्रीवाचेही काही साधते. राज्य आणि पत्नी त्यास परत मिळतात. शबरी किंवा जटायू यांचे प्रसंग प्रकरी होत. त्यांचे असणे सर्वस्वी नायकासाठी आहे. म्हणजे प्राचीनांची कसोटी लांबीपेक्षा खोल होती : या पात्राला स्वतःचे फल आहे काय? हीच कसोटी परग्रहवासी पात्रांस लावली, तर मालिकेने ज्यांना मागे ठेवले ते सर्व प्रकरीत मोडतात असे दिसून येईल. ते येतात, नायकाच्या उदारतेची वा शौर्याची परीक्षा घेतात आणि जातात. त्यांना हवे काय होते, हा प्रश्न कथेला पडत नाही.

याचे कारण बहुधा खर्चात शोधले जाते. निळा रंग, रबरी मुखवटे आणि नटाचे रंगपटातले तास यांस पैसा लागतो. सबब परग्रहवासी थोडे आणि माणसासारखेच, असा हा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही, परंतु १९७३-७४ सालच्या २२ भागांच्या सचित्रपट मालिकेने त्याची मर्यादा दाखवून दिली आहे. चित्रे काढावयाची असल्याने रंगभूषेचा खर्च उरला नव्हता. तेव्हा चेकॉव्ह या मानवी पात्राच्या आसनावर आरेक्स नावाचा तीन हात आणि तीन पाय असलेला अधिकारी आणून बसविला. संदेशकक्षात मार्जारवर्णी म्रेस ही स्त्रीपात्रयोजनाही झाली. आता तरी या दोघांच्या वाट्यास एखादी कथा यावी! ती आली नाही. तीन हातांनी आरेक्सने केले ते एवढेच, की यानाची दिशा सांगितली आणि आज्ञा मानली. त्याचा आवाजही स्कॉटीची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहान यांनीच दिला, आणि म्रेसचा मॅजेल बॅरेट यांनी. चित्रकाराची लेखणी मोकळी सुटली तरी कथाकाराची सुटली नाही, इतकाच याचा अर्थ.

स्पॉक मात्र या नियमास अपवाद दिसतो, आणि म्हणून त्याचे उदाहरण पुढे केले जाते. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना त्याचे टोकदार कान इतके खटकले, की एका प्रचारपत्रिकेतील छायाचित्रांतून ती टोके पुसून टाकण्यात आली होती. तरीही हे पात्र टिकले, इतकेच नव्हे तर मालिकेची ओळख बनले. दशरूपकात पताकानायक हा गुणांनी नायकाहून किंचित् उणा असावा असे सांगितले आहे. स्पॉकच्या बाबतीत लिओनार्ड निमॉय यांच्या अभिनयाने ही मर्यादा केव्हाच ओलांडली. पण स्पॉकला हे स्थान कोणत्या अटीवर मिळाले? त्याची माता पृथ्वीवरची आहे. त्याचे द्वंद्व दोन रक्तांचे आहे, आणि त्यांपैकी एक आपले आहे. हाच साचा पुढे पुन्हा पुन्हा वापरला गेला. ‘नेक्स्ट जनरेशन’मधील डिॲना ट्रॉय ही पित्याकडून मानव. ‘व्हॉयेजर’मधील बेलाना टॉरेस हीही पित्याकडून मानव. वर्फ रक्ताने पूर्ण क्लिंगॉन खरा, पण तो वाढला मानवी मातापित्यांच्या घरी. नियम सर्वत्र सारखा लागू पडतो असे नव्हे; टुव्होक पूर्ण व्हल्कन आहे. तरी कल स्पष्ट आहे. उंबरठा ओलांडावयाचा तर नात्यागोत्याचा दाखला लागतो.

वलवणकरास ही गोष्ट अपरिचित वाटू नये. तेथून सायकलीने जाता येईल अशा कार्ल्याच्या चैत्यगृहात अनेक स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत. हे यवन ग्रीक वंशाचे की आणखी कोणी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की परका म्हणून ओळखला जाणारा माणूस तेथे स्तंभाचा दाता आहे, त्याचे नाव आहे, त्याचा हेतू आहे. पण त्या नावांतले एक ‘धम्म’ असे आहे. यवन राहिला तो उपाधीत. नावाने तो आपल्यात आला. पलीकडे भाज्याच्या विहारात एक प्रसिद्ध शिल्प आहे. रथारूढ देवता, बहुधा सूर्य, निघाली आहे आणि रथाखाली बेढब देहाचे असुर चिरडले जात आहेत. त्या असुरांस नाव नाही. परक्याला शिल्पात आणि कथेत जागा देण्याच्या या दोन रीती एकाच खोऱ्यात, दोन डोंगरांवर पाहावयास मिळतात. स्पॉक कार्ल्याच्या रीतीचा. ‘स्टार ट्रेक’मधील पुष्कळसे अनामिक शत्रू भाज्याच्या रीतीचे. अँडोरियनांच्या वाट्यास मूळ मालिकेत यांपैकी काहीच आले नाही. ते नुसते दालनात उभे राहिले.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. परग्रहवाशाला स्वतःची इच्छा दिली, की तो माणूसच होतो. मग त्याचे परकेपण कोठे उरले? मेघदूताचा नायक यक्ष आहे, मानव नव्हे. रामगिरीवर, म्हणजे अनेकांच्या मते आपल्या रामटेकावर, तो शापाचे वर्ष कंठीत आहे. त्याला फल आहे, आर्तता आहे. पण त्याच्या विरहात अमानुष असे काय आहे? डॉ. जयंत नारळीकर यांनीही आपल्या १९७९ सालच्या विज्ञानकथासंग्रहाच्या नावात ‘यक्ष’ हाच शब्द योजिला, तो उगीच नव्हे. आपल्या परंपरेत देव नव्हे आणि माणूसही नव्हे अशा प्राण्याला हा शब्द जवळचा आहे. आक्षेप मान्य केला तर परग्रहवाशासमोर दोनच मार्ग उरतात : शोभेची वस्तू व्हावे किंवा वेषांतरित माणूस.

प्रस्तुत लेखकास तिसरा मार्ग दिसतो, आणि दशरूपकाच्या कसोटीत तेवढी भर घालणे अवश्य वाटते. सुग्रीवाचे फल रामाच्या फलाशी कोठेच भांडत नाही. परग्रहवाशाचे फल नायकाच्या फलाशी भांडू शकले पाहिजे, आणि क्वचित् त्या भांडणात तोच खरा ठरला पाहिजे. असे जेथे घडले तेथे मालिका एकदम प्रौढ झाली आहे. ‘एंटरप्राइझ’ या मालिकेत २००१ साली ‘द अँडोरियन इन्सिडंट’ हा भाग आला. व्हल्कनांच्या एका मठात गुप्त हेरगिरीचे ठाणे आहे असा संशय घेऊन श्रान नावाचा अँडोरियन सेनानी तेथे घुसतो. तो उर्मट आहे, हिंसक आहे. मानवी कप्तान आणि प्रेक्षक दोघेही मठवासीयांच्या बाजूचे होतात. शेवटी ठाणे सापडते. अँडोरियन खरे बोलत होते. १९६७ पासून चौतीस वर्षे दालनात उभ्या असलेल्या जातीला पहिल्याने काही म्हणावयाचे होते, आणि ते बरोबर होते. जेफ्री कोम्ब्स यांनी श्रानला दिलेला तिखटपणा विसरता येत नाही. त्याच्या शृंगिका या वेळी यंत्राने हलत होत्या, हे खरेच. पण त्या हलल्या म्हणून तो जिवंत झाला, असे मानणे म्हणजे पुन्हा रंगभूषेच्या युक्तिवादाकडे परतणे होय.

‘डीप स्पेस नाइन’मधील (१९९३ ते १९९९) क्वार्क हेही असेच उदाहरण. फेरेंगी जात ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये शत्रू म्हणून आणली गेली आणि लवकरच हास्यास्पद ठरली. क्वार्क हा त्याच जातीचा मद्यगृहचालक. लोभी आणि लबाड. १९९४ मधील एका भागात मात्र तो सिस्कोला सुनावतो, की गुलामगिरी आणि छळछावण्या हा मानवांचा इतिहास आहे, फेरेंगींचा नव्हे. सिस्कोपाशी याला उत्तर नाही. विदूषकाने राजाला खरे सांगावे ही आपली जुनी नाट्यरूढी. पण विदूषक राजाच्या बाजूचा असतो, क्वार्क नाही. त्याचा पुतण्या नॉग विश्वसंघाच्या आरमारात शिरून शूर ठरतो, तेव्हा मालिका त्याचे जितके कौतुक करते तितके क्वार्कचे कधी करीत नाही. म्हणून लेखकाला नॉगपेक्षा क्वार्क श्रेष्ठ पात्र वाटते. याच सुमारास ‘बॅबिलॉन ५’ या अन्य मालिकेने लोंडो आणि जकार या दोन परग्रहवासी राजदूतांच्या वैराला जवळजवळ आधिकारिक वस्तूची प्रतिष्ठा दिली, आणि तीही जकारच्या नटाला संपूर्ण मुखवटा चढवून. खर्चाचा प्रश्न तेथेही होताच.

आता राहिला मॉर्न. क्वार्कच्या मद्यगृहात नित्य बसणारा, मोठ्या सुरकुतलेल्या डोक्याचा हा गिऱ्हाईक सात वर्षांत पडद्यावर एकही शब्द बोलत नाही. गंमत अशी, की इतर पात्रे त्याच्या वाचाळपणाला कंटाळलेली असतात. तो बोलू लागला की थांबत नाही, असे ती सांगतात. हा विनोद आहे आणि चांगला विनोद आहे. पण उपेक्षित पात्राची स्थिती त्यात जितकी नेमकी पकडली गेली आहे, तितकी गंभीर भागांतही नाही : त्याला बोलायचे पुष्कळ आहे, आणि ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही. १९९८ मध्ये त्याच्या नावाचा एक स्वतंत्र भाग निघाला, तर त्यात तो आरंभीच मेल्याचे वृत्त येते. मग त्याच्या संपत्तीवरून इतरांची झटापट चालते आणि तो परततो तेव्हा भाग संपत आलेला असतो. मॉर्नची भूमिका करणारे मार्क ॲलन शेपर्ड त्या भागात मुखवट्याविना एकदा दिसतात. मॉर्नची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून क्वार्क एका अनोळखी गिऱ्हाइकास तिच्यावर बसवितो. ते गिऱ्हाईक म्हणजे शेपर्डच.