निरोप कोणाचा, पाय कोणाचे?

रामटेकच्या डोंगरावर कालिदासाचे स्मारक आहे आणि रामटेकातच, 1997 साली स्थापन झालेले, त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडले. तेव्हापासून आमच्याकडचा कोणताही समारंभ मेघाशिवाय पार पडत नाही. मध्यंतरी इंटरनेटवरचे एक व्याख्यान ऐकले. वक्ते म्हणाले, मेघदूत हा पहिला बिनतारी संदेश आणि इंटरनेट हा त्याचाच पुढचा अवतार. अंतर संपले, व्यापारातला दलाल संपला, लहानमोठा कोणी उरला नाही. टाळ्या झाल्या. आमच्या मुलांनीही वाजवल्या.

प्रश्न त्या टाळ्यांचा आहे. कारण या विधानात दोन गोष्टी बेमालूम मिसळल्या आहेत. निरोप धाडण्याचा अधिकार ही एक आणि निरोप वाहून नेण्याचे कष्ट ही दुसरी. आपल्या समाजाचा सगळा इतिहास या दोहोंच्या फारकतीचा आहे.

कालिदासाकडेच पाहू. यक्ष हा कुबेराचा चाकर. कामात कसूर झाली म्हणून धनाच्या मालकाने त्याला वर्षभर हद्दपार केले. रसिकांनी त्याच्या विरहावर शतकानुशतके लिहिले. त्या शिक्षेवर, त्या मालकावर किती लिहिले? आणि दूत कसा, तर मेघ. तो थकत नाही, मजुरी मागत नाही, वाटेतल्या नद्यांचे पाणी पिण्याची त्याला पूर्ण मुभा आहे. असा दूत कवीला सुचू शकतो. आम्हाला मात्र दूत म्हटले की घरातला माणूस आठवतो.

माझ्या आजीचे सासरे मालगुजारीच्या काळात गावचे कोतवाल होते. मयताची खबर परगावच्या सोयऱ्यांना पोचवणे हे त्यांचे काम. भर उन्हात दहा-दहा कोस चालायचे, अंगणाबाहेर उभे राहून खबर द्यायची, वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायचे आणि परत फिरायचे. आजी म्हणायची, “पाय आमच्या मामंजीचे न् तोंड मालगुजाराचं.” मध्यप्रांतात हे कोतवालीच्या नावाने चाले, मुंबई इलाख्यात महारवतनाच्या. त्या वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन कायद्याने गेले ते 1958 साली. गावाची संपूर्ण संदेशव्यवस्था ज्यांच्या पायांवर उभी होती, त्यांना स्वतःचा एक शब्द धाडण्याची सोय नव्हती. म्हणून 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ असावे लागले. त्याची जाहिरात पैसे मोजूनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्याआधीच आमच्या नागपूरकडे मोहप्याच्या किसन फागूजी बनसोडांनी छापखाना घालून ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ यांसारखी पत्रे काढली. पदरमोड करून, कर्ज काढून माणसे वृत्तपत्र काढतात ती हौसेखातर नव्हे.

या परंपरेत ठेवूनच इंटरनेटचे माप घेतले पाहिजे, आणि ते घेताना त्याचे श्रेय नाकारता कामा नये. 29 सप्टेंबर 2006 रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला या हत्याकांडाची योग्य ती दखलच घेतली नाही. कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ई-मेल, मोबाईलवरचे लघुसंदेश यांनी ती बातमी विदर्भाबाहेर आणि देशाबाहेर नेली. नोव्हेंबरात नागपूरपासून अमरावतीपर्यंत माणसे रस्त्यावर आली. ‘केसरी’च्या दारात उभे राहण्याची गरज त्या दिवसांत प्रथमच उरली नव्हती. आज खेड्यातली मुलगी आपली कविता रात्री लिहिते आणि सकाळी ती नांदेडला वाचली जाते. ही क्षुल्लक गोष्ट नाही. (बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये पहाटेपासून फिरतात, तो भाग वेगळा.)

तोंड मिळाले. पण पायांचे काय?

माझा एक विद्यार्थी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर तो मोटारसायकलवर पार्सले पोचवतो. गाडी कर्जाची, पेट्रोल त्याचे, पडला तर दवाखानाही त्याचा. मोबदला नगावर. ग्राहकाने दार उघडले नाही, पार्सल परत गेले, तर ती फेरी फुकट. गेल्या पावसाळ्यात पुलावरून पाणी होते म्हणून तो दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी फोनवरचे त्याचे खाते बंद. दाद कोणाकडे मागायची? समोर माणूसच नाही, इंग्रजीतली एक ओळ आहे. कुबेराने निदान वर्षाची मुदत सांगितली होती.

दलाल संपला म्हणतात तो असा संपला. तो दिसेनासा झाला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची नोंद घेतली, परंतु व्याख्या करताना त्यांना पारंपरिक मालक–कामगार नात्याच्या बाहेरचे ठरवले. ‘बाहेरचे’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामगारासाठी आठवड्याला 48 तासांची मर्यादा कायद्यात आली. पार्सलवाल्याच्या तासांना मर्यादा कोणती? हे नवे बलुते आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. बलुते जन्माने गळ्यात पडत होते. हे काम कुणब्याचा, तेल्याचा, मुसलमानाचाही मुलगा करतो आणि सोडूनही देऊ शकतो. मात्र काम अमर्याद आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर, हा बलुत्याचा गाभा शाबूत आहे.

आणि जात? बाजारात पूर्वी नाणे वरून टाकत. 2016 पासून यूपीआय आले, चौकोनी ठिपक्यांवर फोन धरला की पैसे पोचतात, हाताला हात लागण्याचा प्रश्नच मिटला. पण पैशाबरोबर आडनावही पोचते. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला रेल्वेत नोकरीला आलेला तरुण खोली मिळवण्यासाठी गप्प तरी राहू शकत होता. आज भाड्याचा इसार फोनवरून पाठवताच घरमालकाच्या पडद्यावर पूर्ण नाव उमटते. मौनाची ती केविलवाणी सोयही या व्यवहाराने काढून घेतली.

हे सारे आमच्या साहित्यात कुठे आहे? दया पवारांच्या ‘बलुतं’ने 1978 साली दाखवून दिले की पोटाच्या व्यवहाराचा बारीकसारीक तपशील हेच साहित्याचे द्रव्य असते. आज हाती येणाऱ्या बहुतेक कविता मनू, वेस आणि पाणवठा यांच्यापुढे सरकत नाहीत. ही प्रतीके खोटी नाहीत. परंतु ती लिहिणाऱ्याच्या अनुभवातून न येता आधीच्या कवितेतून येत असतील, तर त्यांतला विद्रोह उसना ठरतो. इंटरनेटने कवीला वाचक तत्काळ दिला. ‘हे पुन्हा लिहा’ असे पोस्टकार्डावर कळवणारा संपादक मात्र त्या गर्दीत हरवला. वाहवा भरपूर, चिकित्सा शून्य. दोष माध्यमाइतकाच आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे. आम्ही वर्गात ‘बलुतं’ शिकवतो ते झालेल्या इतिहासासारखे.

तो विद्यार्थीही कविता करतो. दोन पार्सलांच्या मध्ये, झाडाखाली थांबून, फोनवर लिहितो. परवा त्याने आठ कविता दाखवल्या. आठही चवदार तळ्याच्या. मी विचारले, “बंद पडलेल्या खात्यावर काही लिहिलं नाहीस?”

तो ओशाळून हसला. “सर, ते साहित्यात चालते का?”

मी त्या कविता ठेवून घेतल्या आहेत. खाते बंद झाले तेव्हा आलेली इंग्रजी ओळ त्याने फोनवर जपून ठेवली आहे. तिचा अर्थ आपल्या आईला जसा सांगितला तसाच, त्याच शब्दांत लिहून आण, असे मी त्याला सांगितले आहे. पुढच्या सोमवारी आणतो म्हणाला, फेऱ्या कमी असल्या तर.