रॉक संगीतांतील वेणुवादक

बीडकडील शेतकऱ्यास तिफण नवी नाहीं. परंतु सन १७०१ च्या सुमारास पेरणीचें यंत्र काढणाऱ्या जेथ्रो टल या इंग्रज शेतीसुधारकाचें नांव एका रॉक वाद्यवृंदानें धारण करावें, हें नवलच होय. या वृंदाचे नायक इयान अँडरसन (जन्म १९४७) यांनीं १९६७ त गिटार बाजूस ठेवून धातूची पाश्चात्य बांसरी हातीं घेतली. एका पायावर उभें राहून वाजविण्याची त्यांची ढब पाहून मुरलीधराची आठवण व्हावी. पण साम्य तेथेंच संपतें. पन्नालाल घोषांनीं (१९११–१९६०) लांब बांसरीस रागविस्ताराचें गांभीर्य दिलें. अँडरसन फुंकेंत हुंकार मिसळून विजेच्या गिटारीशीं झुंजतात. ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू एकाच गीतानें व्यापिल्या आहेत. तेथें ही झुंज शोभते; परंतु दीर्घ स्वराची विश्रांति क्वचितच लाभते, ही उणीव आम्हांस जाणवते.

तथापि त्यांची खरी थोरवी निराळी आहे. मुलगी बांसरी शिकूं लागल्यावर, स्वतः शिकलेली आपली बोटांची ठेवण चुकीची असल्याचें त्यांस कळलें. आणि चाळिशी उलटल्यावर त्यांनीं ती नव्यानें बसविली. टाळ्या मिळाल्यावर पुन्हां विद्यार्थी होणें कठीण असतें. घरोघरच्या होतकरू वादकांनीं त्यांजपासून उचलावयाचें तें हेंच, असें आम्हांस वाटतें.