टॅक्सीभाडं आणि एक मुडदा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभर वाचन बंद, टीव्ही बंद, असा हुकूम सुटला. सौभाग्यवतींशी बोलत बसणं हा एक मार्ग होता. पण चाळीस वर्षांत उभयपक्षी विषय संपलेले. शेवटी नातवानं मोबाईलवर अमेरिकन रेडिओची जुनी गुप्तहेर-नाटकं लावून दिली. त्यांत मला जॉनी डॉलर भेटला.

हा विमा कंपन्यांसाठी चौकशा करणारा गृहस्थ. ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ ही मालिका सीबीएसवर १९४९ साली सुरू झाली आणि १९६२ च्या सप्टेंबरात संपली. गंमत अशी, की हा सगळी कथा आपल्या खर्चाच्या बिलातून सांगतो! विमानाचं तिकीट अमुक, टॅक्सी तमुक, आणि दोन कलमांच्या मधे एखादा मुडदा. मी तीस वर्षं हिशेब खात्यात टी. ए. बिलं तपासली आहेत. खोटं बिल मला वासावरून कळतं. पण टॅक्सीभाडं सेंटापर्यंत लिहिणारा माणूस खुनाबाबत थाप मारील, हे काही मला पटेना. एक चोख आकडा कानावर पडला, की उरलेलं शहर, धुकं, जिन्यावरचा अंधार आपणच पदरमोड करून उभारतो.

‘द शॅडो’ तर त्याहून लबाड. त्याचा नायक लोकांची मनं भारून अदृश्य होतो. अहो, रेडिओवर दिसत होतं कोण? १९३७-३८ मध्ये तरुण ऑर्सन वेल्स ही भूमिका करी. नुसता आवाज बदलला, की स्वारी गुप्त!

रहस्य म्हणाल तर पुष्कळदा बेताचंच. कानाला पाच-सहाच आवाज लक्षात राहतात, म्हणून संशयितही तेवढेच. सौभाग्यवतींना इंग्रजी निम्मंच कळतं, तरी भाजी निवडता निवडता त्या सांगून मोकळ्या, “अहो, तो गोड बोलणारा मेला बघा!” आणि तोच निघे. मात्र १९५५-५६ मधले बॉब बेलीचे पाच-पाच भागांचे खटले ऐकावेत. तिथे घाई नाही. माणसं बोलता बोलता थांबतात, आणि त्या थांबण्यात मला त्यांचे चेहरे दिसले. पट्टी असलेल्या डोळ्यानंसुद्धा.

भांडण झालं ते जॉनीच्या चेहऱ्यावरून. माझा जॉनी आमच्या जुन्या हेडक्लार्कसारखा, सडपातळ. हिचा थेट हिच्या धाकट्या भावासारखा. (या मेव्हण्यानं जन्मात टॅक्सीचे पैसे दिलेले नाहीत.) आठव्या दिवशी नातवानं बेलीचा फोटो पुढे धरला. मी डोळे गच्च मिटून घेतले. हिनं मात्र नीट न्याहाळला आणि म्हणाली,

“छे! हा नव्हेच तो.”