जमा, नावे आणि तत्रैव

मी बँकेत कारकून आहे. संशोधनाशी माझा संबंध एवढाच, की नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाडजूड लेजरं होती आणि सात पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री आठ-आठ वाजेतो बसावं लागे. त्याला कुणी पीएच.डी. देत नसत. फार तर चहा देत.

त्यामुळे एका रविवारी आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक प्रबंधाचं बाड काखोटीला मारून दारात उभे राहिले आणि मला ‘साहेब’ म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काम कठीण आहे. आर्णीत बँकेच्या कारकुनाला साहेब म्हणतात ते कर्जासाठी. विद्येसाठी म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

‘‘संदर्भसूचीचे आकडे तेवढे जुळवून द्या,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही बँकवाले. आकड्यांवर तुमचा हात बसलेला असतो.’’

प्रबंध होता अरुणावती नदीकाठच्या गावांतल्या बायकांच्या ओव्यांवर. सूचीत दोनशे बारा ग्रंथ. सौ.नं चहा ठेवता ठेवता एकदा बाडाकडे आणि एकदा प्राध्यापकांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘सगळे वाचले असतील का हो?’’ मी म्हटलं, ‘‘लग्नपत्रिकेत आपले विनीत म्हणून छापलेली माणसं सगळी लग्नाला येतात का?’’

सूची आडनावाप्रमाणे लावायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. पण आपल्या संतांनी आडनावाची सोय ठेवलेली नाही. प्राध्यापकांनी त्यावर तोडगा काढला होता. ‘महाराज, ज्ञानेश्वर’, ‘महाराज, तुकाराम’, ‘महाराज, तुकडोजी’. सगळे संत ‘म’च्या खात्यात एका घराण्यातले होऊन बसले होते. म. चा रकाना पंढरपूरच्या बारीसारखा लांबला होता.

पुढे गेलो तर यवतमाळच्याच य. खु. देशपांड्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ दिसला. साल : १२९५. मी दचकलो. हा ग्रंथ १९२५ चा. प्राध्यापकांच्या हिशेबानं देशपांडे म्हाइंभटांशेजारी मांडी घालून लिहायला बसले होते.

‘‘सर, इथे आकडे उलटे पडलेत.’’

‘‘असं कसं? गाइडांच्या प्रबंधात तसंच आहे.’’

आता बँकेतली गोष्ट सांगतो. बेरीज दोघांची चुकू शकते. पण दोघांची चूक पैशापर्यंत सारखी निघाली, की एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं असं समजावं. जुन्या जमाखर्चात वरचाच मजकूर पुन्हा लिहायचा असला की ‘कित्ता’ लिहीत. प्रबंधात त्याचंच संस्कृत होतं : ‘तत्रैव’. शाळेत गिरवायचा तोही कित्ताच. विद्यापीठात गेल्यावर हे दोन्ही कित्ते एकत्र आले, एवढंच.

‘‘अहो, पण उचलेगिरी तपासणारं सॉफ्टवेअर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘माझा प्रबंध त्यात पास झालाय.’’ मग त्यांनी मला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम समजावले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असलं तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठ असलं तर वर्षभर सादर करायला बंदी. साठाच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. मला आमच्या मुदत ठेवींचा तक्ता आठवला. फरक इतकाच की आमच्याकडे गल्ल्यातले शंभरातले दहा उचलले तर ‘किरकोळ’ म्हणून कुणी सोडत नाही.

सूची हातावेगळी झाली म्हणून मी सहज मधली पानं चाळू लागलो. आणि एका ओवीपाशी थांबलो. ही ओवी मला पाठ होती. ती मी लहानपणी पहाटे गोधडीत पडून ऐकली होती. आमच्या आत्याची! पुढच्या पानावर आणखी तीन. मग अख्खं प्रकरणच. आणि प्रत्येक ओवीखाली कंसात : ‘निवेदक क्र. ७’.

आत्या गावातच राहते. वय ऐंशीच्या पुढे. प्राध्यापक तिच्या ओसरीवर चार दुपारी बसले होते, चहा प्याले होते, बोरं खाल्ली होती. दोनशे बारा ग्रंथकारांची नावं आडनावासकट, ज्यांचे ग्रंथ उघडलेही नव्हते त्यांचीसुद्धा. आणि जिच्या तोंडातून सगळा प्रबंध निघाला, ती सात नंबर. आमच्याकडे टोकनवर नंबर असतो, पण पैसे देताना नाव विचारतात!

यंत्रानं कसं पकडलं नाही? कारण आत्याची ओवी कुठंही छापलेली नव्हती. त्यामुळे यंत्राच्या लेखी ते प्रकरण शंभर टक्के मौलिक. इंग्रजीत श्रेयालाही क्रेडिट म्हणतात आणि जमेलाही. इथे सगळं एकाच खात्यात जमा होतं आणि नावे टाकलेलं व्हाउचर कुठंच नव्हतं.

हे काही आपल्याकडे नवं शास्त्र नाही. इथून फार लांब नाही, त्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून, पडताळून. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली आणि आठवणीवरून पुन्हा सिद्ध करावी लागली. तेव्हा हिराइसा नावाच्या बाईच्या स्मरणातला पाठ ‘हिराइसा पाठ’ म्हणूनच ओळखला गेला. सातशे वर्षांत कुणाला तिचा नंबर लावावासा वाटला नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं तपासली आणि कोणत्या पोथीत कोणता शब्द वेगळा आहे, ते श्लोकाश्लोकाखाली नोंदवलं. आणि जात्यावरच्या ओव्यांचंच म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणारणीचं नाव आणि गाव यांसकट. लाखात जे जमलं ते चाळीस ओव्यांत का जमू नये?

हे मी प्राध्यापकांना शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, ‘‘निवेदकाची ओळख गुप्त ठेवायची पद्धत आहे.’’

‘‘कुणाच्या सांगण्यावरून?’’

‘‘पद्धत म्हणजे...’’

‘‘तिला विचारलं होतं?’’

नव्हतं. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. नुसता कित्ता गिरवत आला होता. ‘‘चला, आत्ताच विचारू,’’ म्हणाले आणि चप्पल घालू लागले.

आत्या ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हटलं, ‘‘आत्या, यांच्या पुस्तकात तुझं नाव टाकायचं म्हणतात. चालेल का?’’

‘‘टाका नं बाप्पा. मी काय चोरी केली का?’’ मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘‘पन थ्या समद्या ओव्या माह्या नाही. माह्या सासूच्या आहे. तिनं तिच्या मायजवळून घेतल्या. माह्या दोनच. जात्याचा खुंटा तुटला तवाच्या. अन् एक थे शेजारची सांगे, पन तिचा सूर बरोबर नव्हता.’’

प्राध्यापक लिहून घेत होते. एवढी चोख तळटीप त्या प्रबंधात दुसरी नव्हती.

‘‘सासूबाईंचं नाव काय?’’ त्यांनी विचारलं.

आत्या थांबली. बराच वेळ तुरीत बोटं फिरवत राहिली. ‘‘आमी नाव घेत नसू,’’ ती म्हणाली. ‘‘आत्याबाई म्हनो. लोकं अमक्याची माय म्हनत. कागदावर तं सासऱ्याचंच होतं.’’

यावर तिघांपैकी कुणालाच काही सुचलं नाही.

परत येताना प्राध्यापक म्हणाले, ‘‘साहेब, आता हिला कोणत्या अक्षराखाली घालू?’’ मी त्यांना बँकेचा उपाय सांगितला. पैसे आले, पण कुणाचे ते कळत नाही, अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. मालक सापडेपर्यंत ती आपली म्हणून खर्च करायची नसते. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर अशा ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरीही मालकाचा किंवा वारसाचा हक्क बुडत नाही.

आता प्रबंधात पहिल्याच पानावर आत्याचं नाव आणि गाव आहे, आणि त्याखाली : ‘सासूबाई, नाव मिळाले नाही.’ देशपांड्यांनाही १९२५ सालात परत आणून सोडलं आहे. संत मात्र अजून ‘म’मध्येच आहेत, एका रविवारात किती होणार?

आत्याचं नाव मी इथं दिलेलं नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. त्याबद्दलही तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘त्या सरच्या पुस्तकात राहू दे. तुह्या हसन्याच्या पुस्तकात नोको.’’