रिळांचे मालक, रिळांतली माणसं

एस्फिर शुब ही सोव्हिएत संकलक रशियाच्या शेवटच्या झारच्या काळातली रिळं चाळत बसली. साठ हजार मीटर फिल्म पाहून तिने त्यातली जेमतेम दीड हजार मीटर उचलली आणि १९२७ साली ‘रोमानोव्ह घराण्याचा अस्त’ हा चित्रपट उभा केला. जहाजाच्या डेकवर घाम येईपर्यंत नाचणारी बडी मंडळी, आणि लगेच पुढच्या दृश्यात चर खणून घामाघूम झालेले मजूर. दोन्ही दृश्यं जुनीच, पण शेजारी ठेवल्याबरोबर दरबारी कॅमेऱ्याने कौतुकाने टिपलेली रिळं दरबाराविरुद्ध साक्ष देऊ लागली.

परदेशातल्या मोहिमा, करारमदार, कारखाने यांच्या जुन्या चित्रणावरून आज माहितीपटांचं भरघोस पीक येतं आहे. त्यातल्या बहुतेकांना शुबचा हा धडा नीट उतरवून घेता आलेला नाही. हे चित्रण कुणीतरी पैसे देऊन, कशासाठी तरी करवून घेतलेलं असतं. कंपनीला भागधारकांना मळा दाखवायचा असतो, सरकारला वसाहत, भूगोलमंडळाला शिखर. त्या मालकाचं नाव विसरून जो दिग्दर्शक रीळ वापरतो तो नकळत त्याचीच जाहिरात पुन्हा दाखवत असतो.

या कसोटीवर मला सर्वांत सरस वाटतो तो व्हिन्सेंट मोनिकेन्डाम यांचा ‘मदर दाओ’ (१९९५). डच वसाहतवाल्यांनी आजच्या इंडोनेशियात साधारण १९१२ ते १९३३ या काळात घेतलेलं चित्रण एवढाच याचा कच्चा माल. मूळ चित्रपट मूक आणि प्रचारकी: पाहा आमचे मळे, आमच्या गिरण्या, आमचे दवाखाने, आमचे मिशनरी. मोनिकेन्डाम यांनी निवेदन पूर्ण गाळलं. सुरुवातीला नियास बेटावरची सृष्टीच्या जन्माची कथा, पुढे इंडोनेशियन कविता, गाणी आणि नव्याने बसवलेले आवाज. बाकी काम प्रेक्षकाच्या डोळ्यांनी करायचं. मजुरांची रांग, तिची तपासणी, पांढऱ्या कपड्यांतला गोरा साहेब. मूळ कॅमेरामनला यात शिस्त दिसली असणार. आपल्याला दिसतात ते कॅमेऱ्याकडे रोखलेले डोळे, कारण दिग्दर्शक दृश्य लवकर कापत नाही. रिळातली माणसं मालकाच्या हातून सुटतात ती या जादाच्या काही सेकंदांत.

इटलीतलं येर्वांत जानिकियान आणि आंजेला रिची लुकी हे जोडपं याच वाटेने आणखी पुढे गेलं. लुका कोमेरिओ या जुन्या कॅमेरामनच्या संग्रहातून त्यांनी ‘ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत’ (१९८६) केला. एकेक चौकट पुन्हा टिपली, गती मंदावली, रंगछटा चढवल्या. शिकारी, सैनिक, प्रवासी सगळे एकाच हावरेपणाचे भाऊबंद दिसू लागतात. काही वेळा हा मंदपणा अंगावर येतो हे खरं, पण घाईने पाहिलं तर यातलं काहीच दिसणार नाही.

शोधमोहिमांच्या चित्रणाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण तिथे शौर्यही खरं आणि मृत्यूही खरा. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला कॅमेरामन हर्बर्ट पॉन्टिंग शेवटच्या चढाईला गेला नव्हता. स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एव्हान्स यांनी निघण्यापूर्वी त्याच्यासाठी तंबूतला दिनक्रम करून दाखवला: स्वयंपाक, जेवण, झोपण्याच्या पिशव्यांत शिरणं. चौघेही परतले नाहीत. पॉन्टिंगच्या ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’मध्ये (१९२४) तेच प्रात्यक्षिक प्रत्यक्ष प्रवासाच्या जागी येतं आणि आपल्या घशात आवंढा येतो. अस्सल म्हणून गौरवलं जाणारं जुनं चित्रणही अनेकदा असं मांडून घेतलेलं असतं.

जॉन नोएलच्या ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’चं (१९२४) प्रकरण तर थेट परराष्ट्र खात्यापर्यंत गेलं. मॅलरी आणि अर्व्हिन यांच्या अखेरच्या चढाईचं त्याने मैलोन्‌मैल दूरवरून मोठ्या भिंगाने केलेलं चित्रण आजही थक्क करतं. पण खेळाला रंगत यावी म्हणून नोएलने तिबेटी लामांना लंडनला नेऊन रंगमंचावर नाचवलं, आणि चित्रपटात उवा खाणारा माणूस दाखवला. ल्हासा सरकार संतापलं. त्यानंतर १९३३ पर्यंत ब्रिटिशांच्या एव्हरेस्ट मोहिमा बंद. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१३ साली हा चित्रपट फार देखणा करून पुन्हा आणला. बर्फावरच्या मूळ रंगछटा परत मिळाल्या, नवं संगीत आलं. तिबेटी माणसांविषयीच्या तुच्छतादर्शक पाट्याही जशाच्या तशा राहिल्या, आणि त्या राहायलाच हव्यात. चित्रपटापायी झालेला हा तंटा प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर मात्र त्याच्या पदरी नुसतं सौंदर्य पडतं.

मुत्सद्देगिरीचं चित्रण सर्वांत कंटाळवाणं. विमानाचा जिना, हस्तांदोलन, पुष्पगुच्छ, टेबलावरची सही. मिला तुराइलिच या सर्बियन दिग्दर्शिकेने त्यातही जीव ओतला. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांचे कॅमेरामन स्तेवान लाबुदोविच यांना म्हातारपणी त्यांच्याच रिळांसमोर बसवून तिने ‘नॉन-अलाइन्ड’ (२०२२) केला. अलिप्त राष्ट्रांच्या १९६१ च्या बेलग्रेड परिषदेतले नेहरू, नासर, एन्क्रुमा, सुकार्नो इथे भेटतात. चौकट कुणी आणि का धरली हे सांगणारा माणूस शेजारी आहे, त्यामुळे हस्तांदोलनालाही अर्थ येतो.

योहान ग्रिमोनप्रे यांचा ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ (२०२४) याच्या अगदी उलट, अडीच तासांचा भडिमार. काँगोचं युरेनियम, संयुक्त राष्ट्रांतला गदारोळ, तिथले पहिले पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या, आणि लुमुंबा नजरकैदेत असताना काँगोत ट्रम्पेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग. मध्येच आजच्या मोटारी आणि मोबाइलच्या जाहिराती. दमछाक होते. तरी एका गोष्टीसाठी त्याला सलाम: पुरावा कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या पानावर आहे हे तो पडद्यावरच छापतो. एवढा प्रामाणिकपणा या कलेत दुर्मीळ आहे.

सध्याची लाट मात्र रंगरंगोटीची आहे. पीटर जॅक्सन यांच्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये (२०१८) पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना रंग, गुळगुळीत चाल आणि ओठ वाचून दिलेले संवाद मिळाले. कौशल्य अफाट. पण जे रंग रिळात कधी नव्हतेच ते अंदाजाने भरून त्यालाच सत्य म्हणायचं, हे मला मान्य नाही. आता तर कुणीही घरबसल्या संगणकाकडून चेहरे तासून घेतं. नसलेल्या सुरकुत्या उमटतात, आणि लाखो लोक तेच खरं चित्रण समजतात.

आपल्याकडे अडचण याच्या आधीच सुरू होते. केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या मुंबईतल्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी १९०१ साली केलं, ते आज उपलब्ध नाही. पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कितीतरी नायट्रेट रिळं जळाली. उरलं त्यात फिल्म्स डिव्हिजनचा १९४८ पासूनचा ठेवा मोठा आहे. पंतप्रधानांचे परदेश दौरे, परदेशी पाहुण्यांच्या धरणांना आणि पोलाद कारखान्यांना भेटी. ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. महामंडळाने आता दोन कामं करावीत. केवळ तयार वृत्तपट नव्हे, तर संकलनात कापलेले तुकडेसुद्धा तारीख, ठिकाण आणि कॅमेरामनच्या नावासह सूचीबद्ध करावेत. आणि ते तरुण दिग्दर्शकांना परवडेल अशा दरात वापरू द्यावेत.