तेवीसशे चार टिकल्या

चित्रापासून नेमके किती अंतरावर उभे राहायचे हे ज्याला कळले, त्याला निम्मी कलासमीक्षा आली, असे माझे मत आहे. उरलेल्या निम्मीत हाताची घडी घालणे, मान किंचित कलती करणे आणि योग्य जागी ‘हं’ म्हणणे एवढेच येते. हा ‘हं’ मी अनेक प्रदर्शनांतून यशस्वीपणे म्हटलेला आहे. परंतु सध्या घरोघर एक असा चित्रप्रकार शिरू पाहतो आहे, की ज्याच्यापुढे अंतर हाच सगळा प्रश्न होऊन बसतो. जवळ गेलात तर चित्र नाही, आणि लांब जावे तर हॉलची भिंत पाठीला लागते. हा प्रकार म्हणजे फोटोवरून केलेले लेगोच्या विटांचे मोझेक.

विटा म्हणजे घराच्या नव्हेत, मुलांच्या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली, आणि पुढे १९५८ साली ती डोक्यावर बटणे असलेली, एकमेकींत घट्ट रुतून बसणारी प्लॅस्टिकची वीट आजच्या रूपात आली. ती मुलांनी खेळावी आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या वडिलांनी तिच्यावर अनवाणी पाय द्यावा, अशी जगरहाटी होती. आता वडीलच तिच्याशी खेळू लागले आहेत.

तुम्ही म्हणाल, ह्यात नवे ते काय? आमच्या घरी दोसुतीच्या कापडावर चौकट मोजून भरलेला पोपट होताच की! होता. प्रत्येक घरी होता, आणि प्रत्येक घरी त्याची चोच किंचित वाकडी होती. पण त्या पोपटाची घरे कुणीतरी बोटाने मोजलेली होती. इथे मोजणी संगणक करतो.

कृती अगदी सोपी आहे. फोटो घ्यावा, चौकोनी कापून घ्यावा, उजेड-अंधार थोडा तीव्र करावा आणि फोटो दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅमला सांगावे, की बाबा रे, ह्याचे आडवे अठ्ठेचाळीस आणि उभे अठ्ठेचाळीस ठिपके कर. झाले! तेवीसशे चार ठिपके. मग आपल्याकडे ज्या रंगांचे तुकडे आहेत तेवढ्याच रंगांची यादी त्याला द्यावी. तो प्रत्येक ठिपक्याला जवळात जवळचा रंग नेमून देतो. आडव्या पाटीवरचे एक घर आठ मिलिमीटरचे, म्हणजे चित्र साधारण अडतीस सेंटिमीटरचे. विटा मात्र आडव्या रचून त्यांची बाजू दाखवायची असेल तर जपावे. विटेची रुंदी आठ मिलिमीटर, पण उंची नऊ पूर्णांक सहा. फोटो आधी त्या मानाने दाबून घेतला नाही तर चेहरा उभट येतो, आणि खाऊनपिऊन सुखी माणूस उपोषणाला बसल्यासारखा दिसतो.

ह्याच प्रोग्रॅममध्ये ‘डिदरिंग’ नावाचे एक बटण असते. त्यामागची एक प्रसिद्ध युक्ती फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग ह्या दोघांनी १९७६ साली मांडली. हवा तो रंग यादीत नाही म्हणून एखाद्या ठिपक्याच्या वाट्याला जी चूक येते, तिचे सोळा भाग करायचे. सात भाग उजवीकडच्या शेजाऱ्याला, पाच खालच्याला आणि उरलेले तीन व एक खालच्या दोन कोपऱ्यांना. आमच्या सोसायटीत टाकीच्या गळतीचा खर्च ह्याच तत्त्वावर वाटतात. मोठ्या चित्रात ही वाटणी सुरेख दिसते. पण अठ्ठेचाळीस घरांच्या चेहऱ्यावर ती चालवली तर माणसाला गोवर येतो. चेहरा करायचा तर ते बटण बंद ठेवावे, हा समीक्षेतला पहिला व्यवहारी मुद्दा.

दुसरा मुद्दा अंतराचा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या लिऑन हार्मन ह्यांनी १९७३ साली लिंकनचा चेहरा मोजक्याच करड्या चौकोनांत मोडून दाखवला. डोळे बारीक केले की लिंकन दिसतो, उघडले की फरशी. कारण असे, की चौकोनांच्या कडा आपले लक्ष ओढून घेतात. नजर धूसर झाली की कडा विरघळतात आणि चेहरा वर येतो. साल्वादोर दालीने हे उचलले आणि १९७६ साली एक चित्रच रंगवले. त्याच्या लांबलचक नावात सांगितले आहे, की हे वीस मीटरवरून लिंकन होते. वीस मीटर! आमच्या हॉलमध्ये वीस मीटर मागे सरकायचे म्हणजे शेजाऱ्यांच्या मोरीत उभे राहावे लागेल.

ह्यावर उपाय निघाला तो आमच्या अण्णाकाकांमुळे. पण त्याआधी चित्राबद्दल सांगायला हवे.

माझ्या पुतण्याने आपल्या आजीचे, म्हणजे माझ्या आत्याचे, असे मोझेक केले. आत्या जाऊन वर्ष होत आले होते. तिचा म्हणण्यासारखा एकच फोटो. घरातल्या प्रत्येक लग्नात ती कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावून आत असायची. कुणीतरी एकदा ओढून ग्रुप फोटोत उभी केली, तीही दुसऱ्या रांगेत आणि अर्धी कुणाच्या तरी फेट्याआड. फोटो रंगीत, पण विटलेला. त्यातून चेहरा कापला तर बोटाच्या पेराएवढा.

पुतण्याने प्रथम तो फोटो हल्लीच्या ‘आपोआप स्पष्ट करून देणाऱ्या’ एका यंत्रातून काढला. निघाली एक टवटवीत बाई. पापण्या मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट. डोळे सुंदर होते, पण ते कुणाचे होते देव जाणे! यंत्राला आत्याचे डोळे दिसलेच नव्हते. त्याने जगातल्या समस्त बायकांचे डोळे पाहून एक जोडी बसवून दिली होती. त्यानंतर एका तयार संचावर प्रयोग झाला. त्यात पाचच रंग होते: पांढरा, काळा, दोन करडे आणि पिवळा. त्यात आत्या अशी पिवळी झाली, की तिला हळद लागली की कावीळ झाली हे ठरेना.

शेवटी पोराने तपकिरीच्या चार छटा सुट्या मागवल्या, मूळ धूसर फोटोच घेतला आणि गोल टिकल्या एकेक करून लावल्या. मग मला म्हणाला, “काका, अभिप्राय द्या. पण खरा द्या हं.”

“अरे, छान आहे,” मी म्हणालो.

“छान नको. आजी आहे का सांगा.”

मी मान कलती केली. मला चौकोनच दिसत होते. इतक्यात अण्णाकाका आले. वय वर्षे चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत. दारातूनच थबकले आणि म्हणाले, “माईला इथे कुणी बसवलं?”

हार्मनसाहेबांचे म्हणणे असे चहाच्या वेळी आमच्या घरी सिद्ध झाले. आम्ही सगळ्यांनी मग चष्मे काढले. आत्या होती.

ती का होती, ह्याचे उत्तर टिकल्यांच्या संख्येत नाही. संगणकाने केलेल्या नकाशात आत्याला कुंकू नव्हते. आणि त्याचे हिशेबाने बरोबरच होते. एका टिकलीच्या वाट्याला फोटोतले शंभर ठिपके आले, तर कुंकवाचे त्यात पंचवीस-तीस. त्यातही कुंकू चार घरांच्या सांध्यावर पडले की प्रत्येकाला सहा-सात. सरासरी काढली की कपाळाचाच रंग किंचित गडद होतो आणि कुंकू गडप. सरासरी ही फार न्यायी गोष्ट आहे; पण जे लहान आणि महत्त्वाचे ते ती सगळ्यांत आधी गिळते. म्हणून पोराने लाल टिकली हाताने लावली.

आता ती लावायची कुठे? अठ्ठेचाळीस हा सम आकडा. चेहरा बरोबर मधोमध बसवला तर कपाळाचा मध्य चोविसाव्या आणि पंचविसाव्या रांगेच्या फटीत पडतो. मध्याला घरच नाही! टिकली एकतर उजवीकडे जाणार, नाहीतर डावीकडे. आत्या कामाच्या घाईत आरशाशिवाय कुंकू लावायची आणि ते नेहमी तिच्या डाव्या भुवईकडे सरकलेले असायचे. पोराने ते तिकडेच लावले. त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने ते लहानपणी, मांडीवर पडल्यापडल्या, खालून पाहिलेले होते.

ह्या एका टिकलीच्या मापाने मी आता सगळी मोझेके मोजतो. २०२० साली लेगोने वॉरहोलच्या मेरिलिन मन्रोचा संच काढला. दिसतो झकास. पण वॉरहोलने मूळ फोटोतल्या छटा आधीच उडवून ओठ, केस, पापण्या असे सपाट रंगांचे तुकडे करून ठेवले आहेत. पुढे अठ्ठेचाळीस घरांत ते बसवणे म्हणजे तयार पिठाच्या इडल्या. वाईट नाहीत, पण आंबवायचे श्रेय दुसऱ्याचे. शिवाय नकाशा बरोबर येतो, तेव्हा लाल टिकली कुठे लावू हा प्रश्न घेणाऱ्याला पडतच नाही.

ह्याउलट चिनी कलावंत आय वेवेई. त्याने २०१४ साली अल्काट्राझच्या जुन्या तुरुंगात विचारांपायी बंदिवास किंवा हद्दपारी भोगलेल्या एकशे शहात्तर माणसांचे चेहरे लेगोत मांडले. पुढल्या वर्षी कंपनीने त्याला घाऊक विटा नाकारल्या, तेव्हा लोकांनी मोटारींच्या उघड्या टपांतून आपल्या घरच्या विटा टाकल्या. २०१६ साली कंपनीने आपला नियम बदलला. मग २०२२ साली त्याने मोनेची कमळे केली. पंधरा मीटर लांब, सुमारे साडेसहा लाख विटा, बावीस रंग. पण त्या कमळांच्या उजव्या बाजूला एक काळे दार आहे. मोनेच्या चित्रात ते नाही. वडिलांना, कवी आय चिंग ह्यांना, हद्दपार केले तेव्हा शिंच्यांगमध्ये जमिनीखालच्या ज्या खोपटात बापलेक राहिले, त्याचे ते दार. कोणत्याही प्रोग्रॅमला ते सापडले नसते, कारण ते फोटोत नव्हतेच.

साडेसहा लाखांत एक दार आणि तेवीसशे चारांत एक टिकली. कलेच्या दृष्टीने मी दोघांना एकाच बाकावर बसवतो. वेवेईने हरकत घेऊ नये. पुतण्याने घेतली आहे, पण ती विनयाने.

तेव्हा तुमच्याकडे कुणी असे मोझेक दाखवायला आणले, तर किती विटा लागल्या, किती पैसे पडले, हे विचारू नका. चष्मा काढा, दोन पावले मागे व्हा आणि विचारा, “ह्यातल्या हाताने बदललेल्या किती?” उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर खुशाल ‘हं’ म्हणा आणि चहा घ्या.

बाकी व्यवहाराची एक गोष्ट राहिली. लाल टिकली आम्हाला सुटी एक मिळाली नाही. पन्नासांची पुडी घ्यावी लागली. उरलेल्या एकोणपन्नास आमच्या वहिनींनी आत्याच्या करंड्यात ठेवून दिल्या आहेत. कोणाला लागल्यास घेऊन जाव्यात, पण जागा ज्याची त्याने शोधावी.