सोवळ्यापासून आदरापर्यंत : ‘स्मृतिचित्रे’तील कृतज्ञतेचा धर्म

प्रास्ताविक

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत मराठी समीक्षेने या ग्रंथाचा गौरवच केलेला आहे. परंतु हा गौरव प्रामुख्याने तीन अंगांनी झाला. निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा असलेली निराभरण शैली आणि एका स्त्रीने पतीच्या छायेतून बाहेर येत घडविलेले स्वत्व, ही ती तीन अंगे होत. पाठ्यपुस्तकांतून जे उतारे येतात तेही बहुधा पहिल्या दोन अंगांना धरून असतात. ही तिन्ही वाचने आपापल्या जागी यथार्थ आहेत. तथापि एक प्रश्न त्यांतून निसटतो. ज्या पुस्तकाच्या मध्यभागी एका कुटुंबाचे धर्मांतर आहे, ते पुस्तक धर्माविषयी काय सांगते? आपल्या समीक्षेने धर्मांतर ही या आत्मचरित्रातील एक नाट्यमय घटना मानली आणि त्यानंतरच्या जगण्याला ‘संसार’ असे नाव देऊन ती मोकळी झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते हा संसार हाच या ग्रंथाचा धार्मिक आशय आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतील ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाचा एक श्रेष्ठ ग्रंथ आहे, आणि भक्तिवाङ्मयाची रूढ भाषा त्याने जवळजवळ वापरलेली नाही, हे त्याच्या श्रेष्ठत्वाचे एक कारण आहे.

ज्या परिसरात या ग्रंथाचा मोठा भाग घडतो, त्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अभ्यासकांनी तरी हा प्रश्न टाळू नये. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथूनच निघाले आणि नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतर येथेच स्थायिक झाले.

दोन शब्दांचा अर्थ

ख्रिस्ती जीवनाचे सार सांगणारे एक वचन इब्री लोकांस पत्रात आहे (१२:२८). न डळमळणारे राज्य आपल्याला मिळालेले आहे, म्हणून आपण कृतज्ञ असावे आणि आदराने व भयाने देवाची सेवा करावी, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. कृतज्ञतेसाठी तेथे जो ‘खारिस’ हा शब्द आहे, त्याचाच दुसरा अर्थ कृपा असा आहे. मिळणे आणि मिळाल्याची जाणीव असणे या दोहोंना तेथे एकच शब्द पुरतो. आदरासाठी असलेल्या ‘युलाबेया’ या शब्दाच्या मुळाशी ‘नीट, जपून धरणे’ ही क्रिया आहे. आदर म्हणजे दूर राहणे नव्हे. हातात आलेली नाजूक वस्तू आपण जशी सांभाळून धरतो, तशी ती वृत्ती आहे. आपल्या भाषेतील ‘कृतज्ञ’ हा शब्दही बोलका आहे. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही एका अर्थी स्मृतीच होय, आणि ज्या ग्रंथाच्या नावातच स्मृती आहे त्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

आणखी एक बाब. बायबलमधील अध्यायांची सध्याची विभागणी मूळ लेखकांची नव्हे. ती तेराव्या शतकात झाली. ती दूर सारून हे पत्र सलग वाचले, तर आदराने सेवा करण्याच्या या वचनाला लागूनच बंधुप्रेमाची, परक्यांच्या आदरातिथ्याची आणि बंदिवानांची आठवण ठेवण्याची आज्ञा येते. उपासनेचा विषय संपून सदाचाराचा सुरू झाला, असे तेथे घडत नाही. देवाविषयीचा आदर कसा पाळायचा, याचे उत्तर पत्रलेखक दारात आलेल्या परक्या माणसाकडे बोट दाखवून देतो.

सोवळ्याचे घर

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ लेखिकेच्या जन्मापासून न होता वडिलांच्या सोवळ्यापासून होतो, हे अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या बंडानंतरच्या धरपकडीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या आघाताने नाना गोखले यांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला, त्याने जलालपूरच्या त्या घराचे सारे दिवस व्यापून टाकले. लक्ष्मीबाई हे सर्व हसत सांगतात, वाचकही हसतो. पण या हास्याखाली एक भयाण गोष्ट आहे. पवित्र ते जपले पाहिजे ही भावना येथे आहे, मात्र कोणाकडून काही मिळाले आहे ही भावना नाही. जगातून घरात येणारी प्रत्येक वस्तू ही देणगी न ठरता धोका ठरते, आणि ती धुतल्यावाचून स्वीकारता येत नाही. कृतज्ञतेवाचून आदर राहिला की त्याचे भय होते, याचे इतके नेमके चित्रण मराठी गद्यात क्वचितच सापडेल. त्या भयाची झळ सर्वाधिक पोहोचते ती घरातील बायकांना, हेही लेखिकेने निसटू दिलेले नाही.

याच घरातून आलेली ही स्त्री, पतीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिली. पुढे ती नगरला आली तीही स्वतःचे सोवळे सोबत घेऊन. तिच्या मनातील बदल ज्या प्रकारे आला, त्याचे वर्णन प्रत्येक अभ्यासकाने पुनःपुन्हा वाचावे असे आहे. तेथे वादविवाद नाही की दृष्टान्त नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा साधा प्रश्न तिच्या मनात येतो, उत्तरही तेथेच मिळते, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास ती तयार होते. म्हणजे तिचा धर्मबदल प्रथम हाताने आणि जिभेने झाला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये आला.

याची तुलना आपल्याकडील इतर ख्रिस्ती आत्मकथनांशी केल्यास वेगळेपण स्पष्ट होईल. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’त बुद्धीच्या पायऱ्या आहेत. एकेक शंका फिटत जाते आणि लेखक श्रद्धेपर्यंत पोहोचतो. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली साक्ष ही नावाप्रमाणेच साक्ष आहे. देवाने काय केले ते जगापुढे सांगणे हा तिचा उघड हेतू आहे. पाश्चात्त्य परंपरेत संत ऑगस्टीनचे आत्मकथन तर थेट देवालाच उद्देशून आहे. त्यात कबुली आणि स्तुती एकच होतात. लक्ष्मीबाई यांपैकी काहीच करीत नाहीत. आपल्या आयुष्यात देवाने अमुक हेतूने तमुक घडविले, असे विधान करण्याची घाई त्यांना नाही. धार्मिक आत्मचरित्रांत हा मोह फार बलवान असतो, कारण त्यामुळे विस्कळीत आयुष्याला आयती संगती मिळते. लक्ष्मीबाईंचा संयम हा काहींना भक्तीचा अभाव वाटला असेल. मला तो आदराचा सर्वांत कठीण प्रकार वाटतो. देवाच्या वतीने बोलण्याचे त्या टाळतात.

टिळकांची जवळीक

ना. वा. टिळकांच्या धार्मिक कवितेचा प्रवाह याहून निराळा आहे. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे त्यांनी स्वतःच म्हटलेले आहे. ‘अभंगांजली’तील रचना आणि उपासनेत रूढ झालेली त्यांची गीते वाचताना ही वाट पावलोपावली जाणवते. ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणून हाक मारणे, त्याच्याशी सलगीने बोलणे, त्याच्यावाचून जीव कासावीस होणे ही सारी वारकरी परंपरेची भाषा त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला दिली. हे ऋण मोठे आहे. भाषांतरित गीतांच्या अवघडलेल्या वृत्तांतून उपासकाची सुटका झाली. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा आधीच पाडला होता. टिळकांनी त्या परंपरेला थोर कवीचा आवाज मिळवून दिला.

मात्र या कवितेत कृतज्ञता उदंड असली तरी ती वारंवार उच्चारली जाते, आणि उच्चाराने ती थोडी सोपी होते. तुकारामांच्या सलगीला देवाशी केलेल्या भांडणाची धार होती. टिळकांच्या सलगीत समर्पणाचा ओलावा अधिक आणि भांडण कमी. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याबाबतही असेच म्हणता येईल. टिळकांच्या हातून त्याचे आरंभीचे थोडेच अध्याय झाले. उरलेला डोंगर त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी उपसला. पतीच्या अपुऱ्या कामापोटी दाखविलेली ती निष्ठा थक्क करणारी आहे. पण काव्य म्हणून पाहता ओवीच्या संथ लयीत येशूचे चरित्र सांगताना लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आवाज दबतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात मराठी आत्मसात करून फादर थॉमस स्टीफन्स यांनी जे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचले, त्यातील नवलाईचा झोत येथे नाही. ज्या ग्रंथाला त्यांनी धर्मग्रंथ समजून हात घातला त्यापेक्षा, ज्याला केवळ आठवणी समजून लिहिले त्यात धर्म अधिक उतरला, असे माझे मत आहे.

उपकार आणि कृतज्ञता

नगर जिल्ह्याच्या संदर्भात कृतज्ञता हा शब्द निरागस राहिलेला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. मिशनच्या गावोगावच्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. १८७६–७७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत मिशनने अन्न, काम आणि निवारा दिला. त्याचबरोबर ‘पोटासाठी बाटलेले’ हा शिक्काही या लोकांच्या माथी बसला. धान्य देणारा समोर उभा असताना देवाचे आभार मानायचे की देणाऱ्याचे, हा प्रश्न या माणसांना पुस्तकी नव्हता. उपकाराची फेड नम्रतेने करावी, अशी अपेक्षा उपकारकर्त्याच्या मनात नकळत उभी राहते. मग कृतज्ञतेच्या जागी मिंधेपण येते.

टिळकांना हे टोचत होते. भारतीय ख्रिस्ती मंडळीने परदेशी मिशनच्या आधाराने कायम उभे राहू नये, ही त्यांची धारणा वाढत गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यासी वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले, तेव्हा त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. देवाकडून जे मिळाले ते कोणत्याही संस्थेच्या मालकीचे नाही, हा या प्रयोगाचा गाभा मानता येईल.

लक्ष्मीबाईंनी हाच प्रश्न स्वयंपाकघरात सोडविला. टिळक हाती येईल ते देऊन टाकतात, न सांगता पाहुणे आणतात, पैशाचा विटाळ मानतात. आणि उद्याच्या जेवणाची चिंता मात्र घरधनिणीने करायची असते. या विसंगतीतून ग्रंथातील बराचसा विनोद निर्माण होतो. समीक्षकांनी हा विनोद पती-पत्नींच्या स्वभावभेदाचा मानला. तो तसा आहेच. पण आदर्शाचा हिशेब कोणाला चुकता करावा लागतो, हेही तो दाखवितो. दान टिळकांचे, पीठ लक्ष्मीबाईंचे! आणि तरीही दुष्काळात अनाथ झालेली मुले, आश्रयाला आलेली माणसे, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा मनस्वी तरुण कवी यांना त्या घरात जागा मिळते. लक्ष्मीबाई कुरकुरतात, टिळकांशी भांडतात आणि ताट वाढतात. कोणावर आपण उपकार केला, असा सूर त्या वर्णनांत लागत नाही. तो न लागण्याचे कारण बहुधा हे असावे, की दूर राहिलेल्या काळात त्या स्वतः इतरांच्या आसऱ्याने जगल्या होत्या. केलेले जाणणारीने पुढे ते वाटले. जलालपूरच्या घरात बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नव्हती. नगर-राहुरीच्या घरात खरजेने भरलेले पोर आत येते आणि मग धुतले जाते. पाणी तेच, क्रमही जवळपास तोच. केवळ भयाच्या जागी ‘जपून धरणे’ आलेले आहे.

एक मर्यादा

असे असले तरी ग्रंथाची एक मर्यादा दृष्टिआड करता येणार नाही. या घरात जी मुले आणि माणसे आश्रयाला आली, ती आपल्याला लक्ष्मीबाईंच्या नजरेतूनच दिसतात. ती नजर मायेची आहे, पण ब्राह्मण घरातून आलेल्या, सोवळे सोडू शकलेल्या स्त्रीची आहे. सोवळे सोडणे हा तिचा मोठा आध्यात्मिक विजय आहे. मात्र ज्यांच्याविरुद्ध ते सोवळे पाळले गेले, त्यांना ख्रिस्ती होताना सोडायला असे काही नव्हते. त्यांच्या कृतज्ञतेचे आणि आदराचे रूप कसे होते? टिळकांच्या गीतांतील वारकरी भाषा त्यांना आपली वाटली, की पूर्वी मंदिराबाहेर थांबून ऐकलेल्या अभंगांची आठवण तीत मिसळली? अमेरिकन मिशनच्या अहवालांत या लोकांची संख्या सापडते, ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत त्यांच्याविषयीचे वृत्तान्त सापडतात. त्यांचे स्वतःचे शब्द मात्र राहुरी, नेवासे, श्रीरामपूर भागांतील मंडळ्यांच्या भजनांत, कापणीच्या सणाला वेदीपुढे ठेवलेल्या बाजरीच्या पाट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहेत. तेथील मराठी विभागांनी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जावे, इतके हे साहित्य अजून जवळ आहे.